लोखंड, कोळसा, पाईन आणि सायकल: बास्क डोंगरवाटांची पार्श्वभूमी

उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशात बिल्बाओ आणि सान सेबास्तियान या दोन शहरांच्या साधारण मध्यावर देबा नदीचं अरुंद खोरं आहे. त्याच्या खालच्या भागाला देबाबार्रेना म्हणतात. एइबार, सोरालुसे, एल्गोइबार ही कारखान्यांची गावं, आणि समुद्राकडे देबा व मुत्रिकू ही बंदरं. आज इथे माउंटन बाइकसाठी खुणा लावलेल्या वाटा आहेत, नकाशे आहेत, हिरवी, निळी, लाल, काळी अशी अवघडपणाची प्रतवारी आहे. पाट्या अलीकडच्या आहेत. वाटा मात्र शेकडो वर्षांच्या, आणि जवळजवळ कुठलीच सायकलसाठी पाडलेली नाही. कुणीतरी पोटापाण्यासाठी तुडवलेल्या या वाटा आहेत. तो इतिहास बाजूला ठेवला, तर आज तिथे सायकलवाले, पायी चालणारे आणि जंगलमालक यांच्यात जी ओढाताण चालते तिचा उलगडा होत नाही.

सुरुवात लोखंडापासून करावी लागते. मध्ययुगात इथले लोक डोंगरावरच छोट्या भट्ट्यांत लोखंड वितळवत. पुढे पाण्याच्या जोरावर भाते आणि घण चालवण्याची युक्ती आली तेव्हा भट्ट्या नदीकाठी उतरल्या, पण इंधन डोंगरावरच राहिलं. हे इंधन म्हणजे लाकडी कोळसा. बीच आणि ओक ही झाडं जमिनीपासून न तोडता माणसाच्या डोक्याच्या वर छाटायचे, म्हणजे नवी फूट गुरांच्या तोंडाला लागत नाही आणि काही वर्षांनी त्याच झाडाची पुन्हा तोड घेता येते. असे बुटक्या खोडाचे, वर हात पसरल्यासारखे दिसणारे बीच आजही बास्क डोंगरांत उभे आहेत. त्यांच्या आसपास चढावर मध्येच काही पावलांची सपाट, गोलाकार जागा लागते. पायाने पालापाचोळा सरकवला की खाली काळी माती दिसते. ही कोळसेवाल्यांची भट्टीची जागा. लाकडं रचून, वरून माती आणि गवत लिंपून ती कित्येक दिवस धुमसत ठेवायची, आणि तयार कोळसा खेचरांवर लादून खाली न्यायचा. लादलेलं खेचर सरळ उताराने उतरत नाही. ते धारेला धरून, कलाकलाने, वळसे घेत उतरतं. आजच्या सायकलस्वाराला जी वाट ‘वाहती’ वाटते, तिचा उतार बऱ्याचदा त्या खेचरांनी ठरवलेला आहे.

मेंढपाळांच्या वाटा वेगळ्या. आरालार आणि आइस्कोर्री या डोंगररांगांच्या उंच कुरणांवर उन्हाळा, आणि थंडीत समुद्राजवळच्या ऊबदार खोऱ्यांत मुक्काम, असा लाचा जातीच्या मेंढ्यांचा क्रम होता. डोंगरावर मेंढपाळांना नेमून दिलेल्या जागा वर्तुळाकार असत. मधोमध एक दगड रोवलेला, आणि त्या दगडापासून सारख्या अंतरावर हद्द. कळपांच्या वाटा डोंगरधारेवरून जातात, खोऱ्यात शक्यतो उतरत नाहीत. सोरालुसेच्या वर काराकातेपासून इरुकुरुत्सेतापर्यंतच्या धारेवर डोल्मेन, म्हणजे महापाषाणयुगातली दगडी थडगी, एका रांगेत सापडतात. त्या धारेवरून माणसांची ये-जा किती जुनी आहे याचा तो धडधडीत पुरावा आहे.

तिसरा प्रकार गाडीवाटांचा. बास्क शेतघरं गावात एकाला एक लागून नसतात, ती डोंगरउतारावर सुटी सुटी असतात. घर आणि जमीन एकाच वारसाकडे अखंड जायची, त्यामुळे ही घरं शतकानुशतकं जागची हलली नाहीत आणि त्यांना जोडणाऱ्या पाणंदीही हलल्या नाहीत. पावसाचं मान वर्षाला दीड हजार मिलीमीटरच्या पुढे. बैलगाडी चिखलात रुतू नये म्हणून चढणीच्या पाणंदींवर दगड बसवलेले. यातली सर्वांत प्रसिद्ध वाट देबाच्या खोऱ्यातली नाही, आइस्कोर्रीखालच्या सान आद्रियानची आहे. तिथे डोंगराला आरपार नैसर्गिक गुहा आहे, गुहेत छोटं प्रार्थनामंदिर आहे, आणि स्पेनच्या अंतर्भागातल्या कास्तीलहून किनाऱ्याकडे जाणारी मोठी वाट शतकानुशतकं त्या गुहेतून जात असे. अठराव्या शतकात दुसऱ्या घाटाने गाडीरस्ता झाला आणि ही वाट मागे पडली. ओल्या दिवसात त्या गुळगुळीत दगडांवरून सायकल उतरवणं आजही जाणत्यांचं काम आहे.

आता एइबार. लोखंड हाताशी, कारागीर हाताशी, म्हणून या खोऱ्यात शस्त्रं बनू लागली. सोरालुसेचं स्पॅनिश नावच ‘प्लासेन्सिया दे लास आर्मास’, शस्त्रांचं प्लासेन्सिया, असं पडलं. एइबारमध्ये ओर्बेआ बंधूंनी 1840 मध्ये बंदुकांचा व्यवसाय सुरू केला आणि बेइस्तेगी बंधूंनी 1909 मध्ये. पहिल्या महायुद्धानंतर पिस्तुलांची मागणी आटली. नळी अचूक घडवणं, पोलादाला पाणी देणं, बारीक सुटे भाग जुळवणं हे सगळं ज्यांच्या हातात होतं त्यांनी तेच कसब सायकलकडे वळवलं. बेइस्तेगी बंधू, म्हणजेच बीएच, 1923 मध्ये सायकलीकडे आले आणि ओर्बेआ 1930 च्या सुमारास. दरी इतकी चिंचोळी की पसरायला जागा नाही. म्हणून एइबारचे कारखाने मजल्यावर मजले चढवत उभे राहिले आणि गावच्या गल्ल्या चढांच्या झाल्या. इथे बनलेली सायकल कारखान्याच्या दाराबाहेर पडताच चढाला लागते! गावाच्या डोक्यावरची आर्रातेची चढण बास्क सायकलशौकिनांना तोंडपाठ आहे. ओर्बेआचा कारखाना अडचणीत आला तेव्हा 1969 मध्ये कामगारांनी त्याची सहकारी संस्था केली आणि पुढे तो शेजारच्या माल्याबियात हलला. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या ज्युलियन आब्सालोंने माउंटन बाइकचं सुवर्णपदक जिंकलं, ते ओर्बेआवर.

पण सायकल बनवणं आणि डोंगरात सायकल नेणं या दोन गोष्टी कित्येक दशकं वेगळ्या राहिल्या. डोंगर पायी चालणाऱ्यांचा होता. बास्क गिर्यारोहकांचा महासंघ मे 1924 मध्ये स्थापन झाला, आणि तो बिल्बाओत नव्हे, एइबारच्या वरच्या अंगाला असलेल्या एल्गेता या लहानशा गावात. रविवारी कारखाना बंद असला की सगळं गाव डोंगरावर जाई. शिखरावर एक लोखंडी टपालपेटी असे. वर पोचलेल्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं, आणि मागून येणाऱ्याने ते काढून त्याच्या क्लबकडे धाडायचं. या पेट्या आजही शिखराशिखरांवर आहेत. कोळशाचा धंदा बसला, मेंढ्या कमी झाल्या, तरी वाटा बुजल्या नाहीत याचं श्रेय माझ्या मते याच लोकांना द्यायला हवं. माउंटन बाइकच्या इतिहासात त्यांचं नाव फारसं येत नाही, हे मला खटकतं.

त्याच एल्गेताजवळच्या इन्चोर्ता टेकड्यांवर स्पेनच्या यादवी युद्धात ऑक्टोबर 1936 पासून एप्रिल 1937 पर्यंत आघाडी थिजून राहिली होती. एइबारवर बॉम्ब पडले आणि गावाचा बराच भाग राख झाला. टेकड्यांवरचे खंदक आता साफ करून दाखवण्यासाठी ठेवले आहेत. तिथून सायकल चालवत जाताना वेग कमी करावा, एवढं तरी त्या जागेचं देणं आहे.

युद्धानंतरच्या दशकांत डोंगराचं रूप पालटलं ते पाईनमुळे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा हा रेडिआटा पाईन एकोणिसाव्या शतकात कार्लोस आदान दे यार्सा यांनी शेजारच्या बिस्काइआ प्रांताच्या किनाऱ्यावर आणला. घरातला कर्ता दिवसा कारखान्यात जाऊ लागला, गवत कापायला माणूस उरला नाही, तेव्हा शेतकऱ्यांनी कुरणांवर पाईन लावून टाकला. तीस-चाळीस वर्षांत तोडीला येणारं झाड, आणि कागदगिरण्यांचं गिऱ्हाईक तयार. लाकडाच्या ट्रकसाठी डोंगर कापून रुंद मातीचे रस्ते काढले गेले. काही ठिकाणी हे रस्ते जुन्या पाणंदीवरूनच गेले आणि बसवलेले दगड खाली गाडले गेले. पुढे सायकलस्वारांना चढण्यासाठी हेच रस्ते सोयीचे झाले. चढायचं ट्रकच्या रस्त्याने आणि उतरायचं कोळशाच्या वाटेने, असा आजच्या अनेक फेऱ्यांचा साचा आहे.

पाईनसारखीच माउंटन बाइकही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून आली. 1970 च्या दशकात मरिन काउंटीतल्या तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडायला सुरुवात केली, आणि 1980 च्या दशकात ही सायकल युरोपभर पसरली. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा 1990 मध्ये अमेरिकेतल्या दुरांगोला झाली. त्या गावाला नाव मिळालं मेक्सिकोतल्या दुरांगोवरून, आणि मेक्सिकोतलं दुरांगो 1563 मध्ये वसवलं ते एइबारच्या फ्रान्सिस्को दे इबार्राने. मूळचं दुरांगो एइबारपासून हाकेच्या अंतरावर, बिस्काइआत आहे.

खुणांच्या वाटांची कल्पना फ्रान्सकडून आली. तिथल्या सायकल महासंघाने त्रिकोण आणि दोन वर्तुळांची खूण ठरवली आणि वाटांचे गट नोंदवले. स्पेनमध्ये कातालोनियाने ती उचलली, आणि नंतर बास्क सरकारच्या पर्यटन विभागाच्या आधाराने इथेही माउंटन बाइक केंद्रं उभी राहिली. पण सगळीकडे काम सारखं सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. नेपोलियनच्या फौजांशी झालेल्या युद्धाचा खर्च भागवताना गावं कर्जात बुडाली आणि गिपुस्कोआ (देबाबार्रेना याच प्रांतात आहे) व बिस्काइआतल्या गावांनी सामाईक रानं मोठ्या प्रमाणात विकली. आराबा प्रांतात मात्र रानं बरीचशी गावांच्या मालकीची राहिली. म्हणून आराबातल्या इस्कीच्या ओक-जंगलात वाट आखायची तर गावसमित्यांशी आणि प्रांताशी बोलून पुष्कळ काम होतं. देबाबार्रेनात एकाच फेरीत कितीतरी खासगी मालकांची रानं लागतात. एकाने फाटकाला कुलूप लावलं की फेरी तुटते.

नैसर्गिक उद्यानांचे नियम वेगळेच. उर्किओला 1989 मध्ये उद्यान झालं, गोर्बेइआ आणि आरालार 1994 मध्ये. अशा उद्यानांच्या संवेदनशील भागांत सायकल रुंद रस्त्यांपुरतीच ठेवण्याकडे कल आहे. सायकलवाले त्यावर कुरकुरतात. पावसाळी डोंगरावर चाकाची एक घळ पडली की तिच्यातून पाणी वाहतं आणि दोन हिवाळ्यांत तिथे ओहोळ होतो, हे पाहता मला त्या नियमांत काही गैर वाटत नाही. इलेक्ट्रिक सायकलींमुळे वरच्या वाटांवरची वर्दळ वाढली आहे, आणि अरुंद वाटेवर समोरून कुटुंबच्या कुटुंब चालत येतं तेव्हा थांबायचं सायकलनेच.

2018 मध्ये पाईनवर बुरशीचा रोग फार मोठ्या प्रमाणावर पसरला. सुया तपकिरी पडून झाडं सुकली आणि मालकांनी रानंच्या रानं तोडायला काढली. ओंडके ओढणाऱ्या यंत्रांखाली वाटा उखडल्या, आणि झाडांवर रंगवलेल्या खुणा झाडांबरोबरच गेल्या. आता त्याच जमिनींवर कुणी निलगिरी लावतो, कुणी सुगी नावाचं जपानी झाड, थोडे लोक पुन्हा ओककडे वळतात. लागवडीच्या ओळी आखताना वाटेसाठी पट्टा सोडला नाही, तर पुढची तीस वर्षं तो सुटत नाही. सायकल क्लबांनी आणि नगरपालिकांनी मालकांशी बोलायची वेळ रोपं लागण्याआधीची आहे. त्या पट्ट्याच्या डागडुजीचा खर्च कोण उचलणार, आणि तिथे कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची, हे दोन मुद्दे लेखी ठरले तर फाटकांवरची बरीच कुलपं निघतील.