ठाण्याचा किल्ला-तुरुंग : इतिहास आणि भुतांच्या आख्यायिका

मुंबईलगत, साष्टी बेटाच्या पूर्व कडेला खाडीजवळ असलेला जुना किल्ला. आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या दशकात बांधायला घेतला, पण काम पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. मुंबईकर इंग्रजांचा साष्टीवर डोळा होताच. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी तोफांनी तटाला खिंडार पाडले, आत घुसून बहुतेक शिबंदी कापून काढली. किल्ल्याचा काळा इतिहास असा तुरुंग होण्याच्या आधीच सुरू होतो.

येथील सर्वांत गाजलेला कैदी म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील पंढरपूरच्या खुनात हात असल्याच्या आरोपावरून त्याला येथे डांबले. कोणी फितूर होऊ नये म्हणून पहारा निव्वळ गोऱ्या शिपायांचा ठेवला, आणि घात तिथेच झाला, कारण त्यांना मराठी येत नव्हते. एका इंग्रज अंमलदाराचा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणे. पहारेकऱ्यांच्या लेखी ती नुसती गाणी. आतल्या कैद्याला मात्र त्यातून सुटकेचा बेत कळत होता. कलकत्त्याचा इंग्रज धर्माधिकारी बिशप हेबर याने पुढे आपल्या इंग्रजी पद्यात उतरवलेल्या त्या गाण्यात घोडे पंचावन्न आहेत आणि माणसे चोपन्न. पंचावन्नावा स्वार घोड्यावर मांड टाकील तेव्हा दख्खनचे दिवस पालटतील. १२ सप्टेंबर १८१६ रोजी, पावसाच्या अंधारात, शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून त्र्यंबकजी निसटला. १८१८ मध्ये तो पुन्हा सापडला आणि उत्तर प्रदेशातील चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारला.

पुढची पाने फाशीची आहेत. इंग्रजांविरुद्ध बंड उभारणारे महादेव कोळी समाजातील राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी येथे फासावर चढवले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी एकाच दिवशी फाशी झाली. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. मृतदेह नातेवाइकांच्या हाती दिले नाहीत. सरकारनेच ते खाडीकाठी जाळले. घरच्यांना शेवटचे पाणीही पाजू न देणे, ही शिक्षा फाशीहून वेगळी आणि माझ्या मते अधिक क्रूर होती.

जुन्या किल्ल्यांच्या आणि तुरुंगांच्या भूतकथांचा साचा बहुधा ठरलेला असतो: मध्यरात्री बेड्यांचा खळखळाट, तटावर बिनमुंडक्याचा पहारेकरी, फाशीच्या जागेकडून येणारे कण्हणे. लोकसमजुतीप्रमाणे अपमृत्यू आला, क्रियाकर्म झाले नाही, पिंडाला कावळा शिवला नाही, की जीव घुटमळतो. खवीस, समंध ही सगळी मंडळी याच समजुतीतून आली. त्या हिशेबाने ठाण्याच्या तिघांच्या बाबतीत सगळ्या अटी पुऱ्या होतात. तरी मराठी माणूस त्यांना पिशाच्च म्हणत नाही, हुतात्मा म्हणतो. भूतकथेतला कैदी बहुधा निनावी असतो. ज्याचे नाव, गाव आणि गुन्हा लोकांना ठाऊक आहे, त्याचे भूत करायला जीभ धजावत नाही.

वसई किंवा शिवडीच्या किल्ल्यासारखे येथे हिंडता येत नाही. तुरुंग आजही चालू आहे. आतले काही दिसत नसल्याने बाहेर कल्पनेला वाव राहतो.