व्यायाम आणि स्नायूपेशींचे ग्लुकोजग्रहण

काम करणारा स्नायू रक्तातले ग्लुकोज एरवीपेक्षा कितीतरी वेगाने आत घेतो, आणि त्यासाठी तो इन्सुलिनवर अवलंबून राहत नाही. जोरकस व्यायामात हे प्रमाण विश्रांतीच्या तुलनेत ५० पटींपर्यंत जाऊ शकते. हाडांना जोडलेल्या, आपल्या इच्छेने हलणाऱ्या स्नायूंचा हा गुण आहे. मेंदू आणि तांबड्या रक्तपेशी आपला वाटा व्यायाम असो वा नसो, घेतच असतात.

ही गोष्ट इन्सुलिनच्या शोधाहून जुनी आहे. १८८७ मध्ये फ्रान्समध्ये शोव्हो आणि काउफमन यांनी घोड्याच्या तोंडाच्या स्नायूत शिरणारे आणि त्यातून बाहेर पडणारे रक्त तपासले. घोडा चघळू लागला की स्नायू रक्तातली साखर जास्त उचलतो, असे त्यांना आढळले. इन्सुलिन सापडले ते त्यानंतर ३४ वर्षांनी, १९२१ मध्ये.

ग्लुकोजला पेशीच्या पटलातून आपणहून आत शिरता येत नाही, त्याला वाहक प्रथिन लागते. स्नायूतले मुख्य वाहक ग्लुट-४. विश्रांतीत बहुतेक ग्लुट-४ पेशीच्या आत बारीक पुटिकांमध्ये साठवलेले असते. जेवणानंतर इन्सुलिन वाढले, की त्याच्या संदेशाने या पुटिका पटलाशी येऊन मिळतात आणि वाहक बाहेरच्या बाजूला उघडे पडतात. ‘इन्सुलिन म्हणजे पेशीच्या कुलपाची किल्ली’ असे दवाखान्यात समजावतात ते यामुळेच. समजवायला ती उपमा सोपी आहे, पण तिच्यात निम्मीच गोष्ट येते. स्नायू आकुंचन पावताना पेशीत कॅल्शियम वाढते, एटीपी हे ऊर्जा पुरवणारे रसायन खर्च होते, ऊर्जेची चणचण ओळखणारे एएमपीके हे विकर जागे होते आणि पेशीवर प्रत्यक्ष ताणही पडतो. या खुणांनीही तेच ग्लुट-४ पटलावर येते. पुटिकांना आत अडवून धरणाऱ्या टीबीसी१डी४ या प्रथिनापाशी दोन्ही वाटा एकत्र येतात, त्याआधी मात्र त्या वेगळ्या आहेत.

मधुमेहाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची बाब हीच. टाइप २ मधुमेहात इन्सुलिनची वाट मंदावलेली असते, पण आकुंचनाची वाट बहुतांशी शाबूत राहते. म्हणून इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही चालताना साखर उचलतो.

वाहक पटलावर आले म्हणजे काम संपले असे नाही. चालत्या स्नायूतला रक्तप्रवाह अनेक पटींनी वाढतो, नाहीतर साखर दाराशी पोचणारच नाही. आत आलेल्या ग्लुकोजला हेक्सोकायनेज हे विकर लगेच फॉस्फेट जोडते, त्यामुळे ते परत बाहेर जाऊ शकत नाही. निरोगी प्रौढाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी जेमतेम ४-५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर ग्लुकोज असते. त्यामुळे व्यायामात इन्सुलिन खाली येते, साखर वाढवणारे ग्लुकागॉन हे संप्रेरक वाढते आणि यकृत त्याच वेळी रक्तात भर घालत राहते.

व्यायाम थांबल्यावर आकुंचनाचा थेट परिणाम काही तासांत ओसरतो, पण स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतो. रिकामे झालेले ग्लायकोजेनचे, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचे, कोठार त्याला भरायचे असते. हा परिणाम ४८ तासांपर्यंत टिकू शकतो, आणि तोही फक्त राबलेल्या स्नायूतच: एकाच पायाने व्यायाम करवून घेतलेल्या प्रयोगांत इन्सुलिनची धार त्याच पायात वाढली, दुसऱ्यात नाही. आठवड्यात १५० मिनिटे व्यायाम करावा आणि सलग दोन दिवसांहून अधिक खाडा पडू देऊ नये, हा अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचा सल्ला या मुदतीशी जुळतो. नियमित सरावाने स्नायूतला ग्लुट-४ चा एकूण साठाही वाढतो.

भारतीयांना हा विषय अधिक जवळचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तेवढ्याच वजनात स्नायू कमी म्हणजे साखर सामावून घेणारी जागा कमी. स्नायू बळकट करणारे व्यायाम आपल्याकडे चालण्याइतकेच आग्रहाने सांगायला हवेत.

जेवणानंतरच्या शतपावलीलाही इथे आधार मिळतो. साखर चढत असतानाच पोटऱ्या आणि मांड्या कामाला लागल्या तर चढाचा माथा खाली राहतो. शंभर पावले मात्र थोडी पडतात, दहा-पंधरा मिनिटे चालावे.

इन्सुलिन किंवा शरीराला जास्त इन्सुलिन स्रवायला लावणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत दोन्ही वाटा एकाच वेळी चालू राहून साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, कधी व्यायामानंतर कित्येक तासांनी, झोपेतही. मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच सायकल चालवली तर औषध लवकर शोषले जाते. उलट, जीव तोडून धावल्यावर ॲड्रेनालिनमुळे यकृत इतकी साखर सोडते, की ग्लुकोमीटरवरचा आकडा थोडा वेळ वाढलेला दिसतो.