शटडाउन अडण्यामागची पार्श्वभूमी

लिनक्सचा संगणक बंद करायला घेतला की कधी कधी काळ्या पडद्यावर ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ अशी ओळ उमटते, तिच्याशेजारी सेकंद मोजले जाऊ लागतात आणि यंत्र दीड मिनिट जागचे हलत नाही. याचा दोष बहुधा सिस्टमडीला, म्हणजे पार्श्वभूमीतले कार्यक्रम (सेवा) सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला, दिला जातो, पण हे अडणे त्याच्याही आधीचे आहे. त्याने फक्त ते नावानिशी दाखवायला सुरुवात केली.

जुन्या पीसीत वीज तोडण्याचे काम माणसाचेच होते. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, सगळे थांबवून ‘सिस्टम हॉल्टेड’ असे कळवी आणि मग वापरणारा खटका बंद करी. १९९५ मध्ये मदरबोर्ड व वीजपुरवठ्याची एटीएक्स ही रचना आली आणि वीजपुरवठा सॉफ्टवेअरच्या आज्ञेने तुटू लागला. त्यासाठी आधी एपीएम हे वीज-व्यवस्थापनाचे मानक होते आणि डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे नवे मानक प्रसिद्ध झाले. त्यामुळे मदरबोर्डच्या फर्मवेअरमधल्या, म्हणजे त्यावरच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या, चुकाही शटडाउनच्या वाटेत आल्या. विशिष्ट यंत्रे रीस्टार्ट करताना कोणती वेगळी पद्धत वापरावी, याची यादी आजही कर्नलच्या कोडमध्ये आहे.

सॉफ्टवेअरची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. इनिट म्हणजे सर्वांत आधी सुरू होऊन बाकीच्या सेवा सांभाळणारी प्रक्रिया. जुन्या युनिक्सच्या सिस्टम फाइव्ह पद्धतीच्या इनिटमध्ये सेवा थांबवण्याच्या स्क्रिप्ट ठरलेल्या क्रमाने चालत आणि त्यांना सरसकट लागू होणारी कालमर्यादा नसे. एक स्क्रिप्ट अडली की पुढची सगळी रांग खोळंबे, आणि कशामुळे, हे पडद्यावरून समजेलच असे नसे. २०१० मध्ये जाहीर झालेला सिस्टमडी मे २०११ मध्ये फेडोरा १५ या लिनक्स वितरणामध्ये आणि एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ मध्ये मुख्य इनिट झाला. तो प्रत्येक सेवेला आधी सिगटर्म हा थांबण्याची विनंती करणारा संकेत पाठवतो, ९० सेकंद वाट पाहतो आणि तरीही ती थांबली नाही तर सिगकिल या सक्तीच्या संकेताने संपवतो. फेडोरा ३८ ने २०२३ मध्ये ही मुदत ४५ सेकंदांवर आणली. मूळ प्रस्ताव १५ सेकंदांचा होता, पण डेटाबेससारख्या सेवेला हातातले काम डिस्कवर उतरवायला वेळ लागतो, हे पाहता ती काटछाट अतिरेकीच ठरली असती.

सिगकिललाही न जुमानणारी प्रक्रिया मात्र वेगळीच डोकेदुखी आहे. नेटवर्कवरून फाइल पुरवणाऱ्या एनएफएस सर्व्हरचा संपर्क तुटल्यावर त्याच्यावरची फाइल वाचू पाहणारी प्रक्रिया कर्नलमध्येच अडकून पडे. कर्नलच्या २००८ मधील २.६.२५ आवृत्तीपासून अशा काही प्रतीक्षा मारक संकेताने मोडता येऊ लागल्या, सगळ्या नव्हे. बिघडलेली डिस्क किंवा सदोष ड्रायव्हर आजही तशीच अडवणूक करतो.

म्हणून यंत्र नेमके कोणत्या टप्प्यावर अडले, हे आधी पाहावे. सेकंद मोजणाऱ्या ओळीत सेवेचे नाव असेल तर पुढच्या वेळी ‘जर्नलसीटीएल -बी -१’ (journalctl -b -1) या आज्ञेने मागच्या सत्राची नोंद वाचावी, अर्थात जर्नल, म्हणजे सिस्टमडीची नोंदवही, डिस्कवर साठवले जात असेल तरच. ‘पॉवर डाउन’ उमटूनही पंखा फिरत राहिला तर संशय फर्मवेअरवर घ्यावा. या दोहोंमधला टप्पा सर्वांत अवघड, कारण तोवर जर्नल लिहिणारी सेवाही थांबलेली असते. तिथे आधीच सुरू करून ठेवलेले नवव्या टर्मिनलवरचे डीबग शेल, म्हणजे दोष शोधण्यासाठी आज्ञा देण्याची जागा, कामी येते.