जलविद्युत केंद्राचे नूतनीकरण

जुन्या जलविद्युत केंद्रातील झिजलेली यंत्रे दुरुस्त करणे किंवा बदलणे, नियंत्रण व संरक्षण व्यवस्था आजच्या तंत्रावर आणणे आणि केंद्राचे आयुष्य वाढवणे, या कामांना एकत्रितपणे नूतनीकरण व आधुनिकीकरण म्हणतात. यंत्रसंचाचे, म्हणजे टर्बाइन आणि जनित्राच्या जोडीचे, आयुष्य साधारण ३० ते ३५ वर्षे धरले जाते. धरण आणि बोगदे त्याहून पुष्कळ अधिक टिकतात. म्हणूनच नवे जंगल न बुडवता आणि नवे गाव न उठवता वीज वाढवण्याचा इतका सरळ मार्ग दुसरा नाही. या कामाला चालना देण्यासाठी केंद्र सरकारने १९८७ मध्ये राष्ट्रीय समिती नेमली होती.

नागपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात असलेले तोतलाडोहचे केंद्र आता याच वयात आले आहे. येथे ८० मेगावॉटचे दोन संच आहेत. केंद्र मध्य प्रदेश चालवतो. विजेचा दोन-तृतीयांश वाटा त्याचा आणि एक-तृतीयांश महाराष्ट्राचा. टर्बाइनमधून सुटलेले पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात येते आणि तेथून नागपूरच्या नळांना व कालव्यांना जाते.

काम सुरू होते ते उरलेल्या आयुष्याच्या तपासणीने, आणि घाई सर्वांत महाग पडते ती याच टप्प्यावर. टर्बाइनकडे पाणी आणणाऱ्या दाबनलिकेच्या पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजतात, शाफ्टमध्ये सूक्ष्म भेगा शोधतात, जनित्राच्या वाइंडिंगचे, म्हणजे तांब्याच्या गुंडाळ्यांचे, इन्सुलेशन (विद्युतरोधक आवरण) किती थकले आहे ते विद्युत चाचण्यांनी पाहतात. रनरच्या, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकाच्या, पात्यांवर पाण्यातील बुडबुडे फुटून खड्डे पडतात. ते वेल्डिंगने भरत राहिले की पात्याचा मूळ आकार बिघडतो आणि कार्यक्षमता उतरते. दर सेकंदाला १ घनमीटर पाणी १०० मीटर उंचीवरून आले, तर त्यात ९८१ किलोवॅट शक्ती असते. संच ८६ टक्के कार्यक्षम असेल तर त्यातले सुमारे ८४४ किलोवॅट हाती येतात, ९२ टक्के असेल तर सुमारे ९०३. शहरासाठी आणि शेतीसाठी जे पाणी सोडावेच लागते, त्यातून मिळणाऱ्या या जादा विजेला एक थेंबही अधिक लागत नाही.

जनित्राची क्षमता वाढण्यामागे इन्सुलेशनचे तंत्र आहे. जुन्या डांबर-अभ्रकाच्या थराऐवजी इपॉक्सी-अभ्रकाचा पातळ थर दिला की वाइंडिंगच्या त्याच खाचेत अधिक तांबे बसते आणि अधिक तापमान चालते. भाक्रा डाव्या तीरावरील ९० मेगावॉटचे संच आधी १०८ मेगावॉटपर्यंत वाढवले गेले. वेग सांभाळणारा गव्हर्नर, जनित्राला चुंबकत्व देणारी उत्तेजन व्यवस्था आणि बिघाड ओळखणारे रिले बदलणे तुलनेने सोपे असते.

दुर्गम जागी खरी कसोटी रस्त्याची असते. रनर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या वजनाला वाटेतले पूल पेलतील का, वळणावर ट्रेलर बसेल का, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच पाहावे लागते. स्टेटर, म्हणजे जनित्राचा स्थिर भाग, तुकड्यांत आणून जागेवर जोडतात. विद्युतगृहातील जुनी क्रेन आधी तपासून घ्यावी लागते, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून असते. व्याघ्र प्रकल्पात वाहतुकीच्या वेळा वन्यजीवांच्या सोयीने ठरतात, आणि त्या तशाच ठरल्या पाहिजेत.

वेळापत्रकाचा मालक मात्र पाणी आहे. एका वेळी एकच संच बंद ठेवतात, म्हणजे खालच्या भागाचे पाणी दुसऱ्या संचातून चालू राहते. पेंच नदीवर वरच्या बाजूला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहला येणारे पाणी घटले आहे. अशा वेळी जुन्या आराखड्याच्या मापाचाच रनर पुन्हा बसवणे चुकीचे ठरेल. जलाशयाची पातळी आज वर्षातील बहुतेक दिवस जिथे राहते, तिथे उत्तम चालणारा रनर निवडला पाहिजे. नदीच्या आवकीचा नव्याने अभ्यास न करता काढलेली निविदा अपुरीच म्हणावी लागेल.

जोडणी झाल्यावर संचावरचा विजेचा भार अचानक तोडून वेग आणि दाबनलिकेतील दाब किती चढतो ते पाहतात. या चाचण्या पूर्ण भारावर घ्यायच्या तर जलाशयात पुरेशी पातळी लागते. काम मे महिन्यात संपले, तर अंतिम स्वीकृती पावसाळ्यानंतर जलाशय भरेपर्यंत थांबते, आणि कंत्राटातील हमीचा काळ त्यानुसार धरावा लागतो.