ओळ खाली गेली, फॉर्म्युला तिथेच राहिला

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट. मेंटेनन्सची एक्सेल शीट अगदी साधी. दर फ्लॅटला एक ओळ, बी कॉलममध्ये चालू बिल, सीमध्ये थकबाकी, डीमध्ये दोन्हींची बेरीज. दुसऱ्या ओळीपासून ४९व्यापर्यंत फ्लॅट आणि ५०व्या ओळीत एकूण. यंदा एक जोडफ्लॅट विभागला गेला, म्हणून खजिनदारकाकांनी एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम साधनं वापरून स्वतः पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगितलं, '२०व्या ओळीवर नवा फ्लॅट घाल.' त्याने घातला आणि 'काम झालं' असं कळवलंही. बिलं निघाली तेव्हा त्याखालच्या तीसही घरांना आपल्या वरच्या ओळीतल्या घराचं बिल गेलं होतं. दर महिन्याच्या एक तारखेला चेक देणाऱ्या आजींच्या नावावर शेजाऱ्यांची थकबाकी!

सोसायटीच्या ग्रुपवर निकाल लगेच लागला : एआयला हिशेब कळत नाही. मला हे पटलं नाही, म्हणून फाइल उघडून बसलो. आत जे दिसलं ते मला फार सुंदर वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो.

एक्सेलची २००७पासूनची फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गाठोडं असतं. ते सोडलं की आत साध्या अक्षरांत लिहिलेला मजकूर मिळतो. फॉर्म्युला असलेल्या प्रत्येक सेलची तिथे नोंद असते : सेलचा पत्ता, फॉर्म्युला आणि त्याचं शेवटचं काढलेलं उत्तर. 'बी२० अधिक सी२०' हा फॉर्म्युला तिथे निव्वळ अक्षरांची माळ आहे. आपण एक्सेलमध्ये माउसने नवी ओळ घालतो, तेव्हा एक्सेल त्या माळेतले पत्ते ओळखतं. ते सगळ्या शीट्समधले फॉर्म्युले धुंडाळतं, बी२०चं बी२१ करतं, 'डी२ ते डी४९' ही बेरीज डी५०पर्यंत ताणतं. हे काम इतकं मुकाट्याने होतं की ते होतंय हेच आपल्याला माहीत नसतं.

एजंटला दिलेली अनेक साधनं मात्र एक्सेल न उघडता थेट फाइलीत हात घालतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या ओपनपायएक्सएल या लायब्ररीने (म्हणजे तयार कोडच्या संचाने) ओळ घातली, तर सेल खाली सरकतात, पण त्यांच्या पोटातला फॉर्म्युला जसाच्या तसा राहतो. तिच्या माहितीपत्रात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्याकडेही हेच झालं. २१व्या ओळीत गेलेला फॉर्म्युला अजून २०व्या ओळीची बेरीज करत होता, आणि एकूण डी४९वरच थांबल्यामुळे शेवटचं घर बेरजेबाहेर पडलं. व्याकरणाच्या दृष्टीने प्रत्येक फॉर्म्युला बरोबर, त्यामुळे कुठेही लाल खूण नाही. २०२०मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण गळले, तेही असेच निःशब्दपणे. जुन्या एक्सेल फाइलीत ६५,५३६च ओळी मावतात, एवढंच कारण.

फॉर्म्युल्याच्या उत्तराची गंमत आणखी वेगळी. ही लायब्ररी स्वतः गणित करत नाही. ती फॉर्म्युला लिहिते आणि उत्तराची जागा एक्सेल किंवा लिब्रेऑफिस या त्याच्यासारख्याच मोफत प्रोग्रॅमने हिशेब करेपर्यंत रिकामी राहते. 'फक्त उत्तरं वाच' या पद्धतीने फाइल उघडून तीच पुन्हा सेव्ह केली, तर फॉर्म्युले कायमचे जातात आणि मागे उरतात नुसते आकडे.

एजंटला यातलं काय ठाऊक होतं? एजंटच्या मागे असलेलं भाषेचं मॉडेल फाइलला स्वतः हात लावत नाही. त्याला साधनांची यादी मिळते : नाव, वर्णन, कोणती माहिती द्यायची. ते वाचून मॉडेल मागणी लिहितं, दुसरा प्रोग्रॅम ती पार पाडतो आणि निकाल मजकुरात परत देतो. आमच्या साधनाचं वर्णन होतं : 'दिलेल्या जागी ओळ घालते.' बस. माणूस निदान पडद्यावर बघतो. मॉडेलपुढे एवढं एकच वाक्य. उरलेलं ते आपल्या वाचनातून भरून काढतं, आणि माणसांनी एक्सेलबद्दल लिहिलेल्या मजकुरात ओळ घातली की फॉर्म्युले आपोआप सरकतात!

'तू जगातला सर्वोत्तम सीए आहेस' असं आधी लिहिलं की एजंट चुकत नाही, असे मंत्र हल्ली फॉरवर्ड होतात. हा ताईतच झाला. अशा वाक्याने साधनाचं वागणं तसूभरही बदलत नाही.

मी वर्णन बदललं : 'ओळ घालते. फॉर्म्युल्यांतले पत्ते सरकवत नाही आणि उत्तरं पुन्हा काढत नाही. आधी खालचे सगळे फॉर्म्युले वाच, ओळ घातल्यावर नव्या पत्त्यांनी लिही, मग फाइल लिब्रेऑफिसमधून हिशेब करून घे. ओळी १पासून मोजतात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी दे.' तारखेची अट हवीच, कारण ०३/०४ म्हणजे मुंबईत ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. साधनाचं उत्तरही बदललं. 'काम झालं'ऐवजी आता ते सांगतं : 'ओळ घातली. ३१ फॉर्म्युले अजून जुन्या पत्त्यांवर आहेत.'

मूळ शीटच्या प्रतीवर तीच सूचना पुन्हा दिली. एजंटने तीस घरांचे आणि एकूणचा, असे ३१ फॉर्म्युले नव्याने लिहिले, नव्या ओळीलाही फॉर्म्युला दिला आणि बेरीज डी५०पर्यंत नेली. काकांनी ४९ बिलं जुन्या वहीशी ताडून पाहिली, आणि आजींच्या नावापुढे थकबाकी शून्य दिसल्यावरच चष्मा काढला.