दोन बोटं डांबर, वीतभर खडी: सोलापूरच्या आडरस्त्यांची पार्श्वभूमी

मागच्या हिवाळ्यात सोलापूरजवळच्या नान्नज गावाच्या अलीकडे एका आडरस्त्यावर पाइपलाइनसाठी आडवा चर खोदलेला होता. सायकल खांद्यावर घेऊनच पलीकडे जावं लागलं आणि त्या निमित्ताने चरात डोकावता आलं. वर जेमतेम दोन बोटं डांबर. त्याखाली वीतभर खडी, तीही एकसारखी नाही. कुठे मुठीएवढी, कुठे लिंबाएवढी, हाताने फोडलेली वाटावी अशी. तिच्याखाली तांबूस मुरूम आणि तळाला काळीभोर, चिकट, अजून ओल धरून असलेली माती. या रस्त्यांचा इतिहास वाचायचा तर असा खालून वर वाचायला हवा.

सोलापुरात रविवारी पहाटे गिअरच्या सायकली घेऊन निघणारी मंडळी आता नेहमीची झाली आहेत. पेठा मागे पडल्या की पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही बाजूंना ज्वारी, हरभरा, करडई, मध्येच एखादी बाभूळ आणि क्षितिजापर्यंत मोकळं आकाश. घाट नाही, गाड्याही तुरळक. पुण्या-मुंबईहून आलेले सायकलवाले विचारतात की एवढ्या कोरडवाहू मुलखात, एवढ्या लहान लहान गावांना जोडणारे इतके रस्ते झाले कसे? माझं उत्तर ठरलेलं आहे. हे रस्ते दुष्काळाने बांधले. अगदी सगळेच नव्हेत, पण ज्यांच्यावर आपण मजेत पेडल मारतो त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात दुष्काळी कामाची खडी आहे.

सुरुवात मातीपासून करू. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, पर्जन्यछायेत. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. पण जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. म्हणून तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली मालदांडी ज्वारी नुसत्या ओलीवर आणि थंडीवर येते. पिकाला जी माती वरदान, तीच रस्त्याला शाप. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते आणि भेगाळते. तिच्यावर थेट काहीही टाका, दोन पावसाळ्यांत लाटा उठतात. पूर्वी पावसाळ्यात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. चार महिने गावं एकमेकांपासून तुटायची.

तरी वाटा होत्याच. ब्रिटिशांनी १८३५ नंतर शेजारच्या इंदापुरातून जमीनमोजणीची जी पद्धत सुरू केली, ती पुढे दख्खनभर पसरली आणि गावोगावचे नकाशे तयार झाले. आजही तलाठ्याकडे गावनकाशा पाहिला तर त्यावर तुटक रेषा दिसतात. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. सव्वाआठ हा आकडा विचित्र वाटतो, पण मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची होती आणि सव्वाआठ तिचा बरोबर चौथा हिस्सा. त्याच पाणंदी, शिवरस्ते आणि गाडीवाटांवर पुढे खडी पडली. कुठलंही कारण नसताना आपला रस्ता एखाद्या शेताला वळसा घालून जातो, तेव्हा ते वळण बहुधा कुणा अभियंत्याने काढलेलं नसतं. तो दोन गावांच्या शिवेचा बांध असतो.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली. कापूस आणि धान्य स्टेशनवर आणण्यासाठी पक्क्या सडका हव्या झाल्या. १८७१ मध्ये आदिला नदीवर एकरुखचा तलाव पुरा झाला; आज आपण ज्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो आणि ज्याच्या भिंतीजवळ सायकली टेकवून फोटो काढतो, तोच हा. मग १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आला. दख्खनमध्ये सोलापूर जिल्हा सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक. सरकारने दुष्काळी कामं काढली. ती प्रामुख्याने दोन प्रकारची, तलाव आणि रस्ते. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव त्याच दुष्काळाची निर्मिती. रस्त्याच्या कामाला फार आखणी लागत नाही, जमीन बहुधा सरकारी असते आणि हजारो हात एकाच वेळी लावता येतात. अन्नाच्या बदल्यात दगड फोडून घेण्याची ही रीत तेव्हा जी बसली ती शंभर वर्षं मोडली नाही.

१९४३ मध्ये देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची नागपूरला परिषद झाली आणि रस्त्यांची वर्गवारी ठरली: राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण. मैलाच्या दगडांवर दिसणारं ‘प्र.जि.मा.’ (प्रमुख जिल्हा मार्ग) किंवा ‘ग्रा.मा.’ (ग्रामीण मार्ग) हे त्या वर्गवारीचंच मराठी रूप. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावरस्त्यांची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. जबाबदारी आली, पैसा यथातथाच.

मग बहात्तर. सोलापूर जिल्ह्यात आजही वयाचा हिशेब ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर’ असा लावणारी माणसं भेटतात. आधीची दोन वर्षंही तुटीची गेली होती, १९७२ ला पावसाने पाठच फिरवली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. पन्नास लाख! पाझर तलाव, नालाबांध, बंडिंग म्हणजे शेतांची बांधबंदिस्ती, आणि खडीफोड. माळावर खडीकेंद्र उघडायचं, मुकादम मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नावं घालायचा, नवरा दगड काढायचा, बायको फोडायची, पोरं ढीग रचायची. ढिगाचं माप ब्रासमध्ये, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मापात ढीग कमी भरला की मजुरी कमी. खायला अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची तांबडी ज्वारी, आणि कामावर वाटलेली सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ.

वडाळ्याच्या बाजूला एका टपरीवर चहा घेताना शेजारी बसलेल्या आजींनी आमच्या सायकली निरखून पाहिल्या. कुठवर जाणार, कशासाठी जाणार, हे विचारून झालं. मग रस्त्याकडे हात करून सांगू लागल्या की ही खडी आम्ही फोडलेली. नवीन लग्न झालेलं, अंगावरची हळद अजून उतरली नव्हती आणि हातात हातोडा. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट त्यांनी पुढे केलं. नख वाकडंच वाढलेलं, दगडाखाली सापडल्यापासून. त्या दिवसानंतर त्या रस्त्यावर सायकल चालवताना वेग किती, सरासरी किती, हे बघायचं माझ्याच्याने होत नाही.

या दुष्काळाने राज्याला रोजगार हमी योजना दिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिची कल्पना लावून धरली होती; १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. पण रस्त्यांची गोष्ट इथे जरा अडखळते. रोहयोत मातीकाम झालं, खडी पसरली, रोलर फिरला आणि पुष्कळ ठिकाणी काम तिथेच थांबलं. मजुरी देता येत होती, डांबराला पैसा नव्हता. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकांत हे रस्ते होतेही आणि नव्हतेही. उघड्या खडीवरून सायकल नेणं म्हणजे मनगटं खिळखिळी करून घेणं. त्यापेक्षा शेजारची बैलगाडीची चाकोरी बरी वाटायची.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि सपाट भागातल्या पाचशेहून जास्त वस्तीच्या गावांना बारमाही रस्ता द्यायचं ठरलं. डांबराचा थर बहुतेक ठिकाणी त्यानंतर आला. त्याची ठरलेली रुंदी पावणेचार मीटर. समोरून एसटी आली की आपण साइडपट्टीवर उतरायचं आणि ड्रायव्हरने हात केला की आपणही करायचा, हा रिवाज त्या रुंदीतून आला.

हे झालं रस्त्यांचं. सायकल इथे आधीपासून होतीच. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या शहरात सायकल हे कामगाराचं वाहन. हँडलला डबा, कॅरिअरला पोरगं. पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरी सुताच्या पेंड्या सायकलवरून यायच्या आणि चादरींचे गठ्ठे सायकलवरूनच जायचे. आसपासच्या खेड्यांतले दूधवाले कॅन लटकवून याच कच्च्या वाटांनी शहरात येत. दूधवाल्यांच्या दणकट काळ्या सायकली पाहिल्यावर मला नेहमी वाटतं, या मुलखातले पहिले रोड सायकलिस्ट तेच. रोजचे चाळीस किलोमीटर, बारा महिने, हेल्मेट आणि टाळ्यांविना. पुढे लुना आल्या, मोटारसायकली आल्या आणि सायकल गरिबीची खूण ठरली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती परत आली, टाळेबंदीच्या काळात तर झपाट्याने, पण आता व्यायाम म्हणून. तिच्यावर बसणारा वर्ग बदलला, हे मान्य करायला हवं.

आडरस्ते शांत का, याचं कारण मात्र अगदी अलीकडचं आहे. पुणे–सोलापूर–हैदराबाद, सोलापूर–विजापूर हे महामार्ग चौपदरी झाले आणि जड वाहतूक तिकडे ओढली गेली. नान्नज–मार्डीच्या बाजूला आणखी एक गोष्ट घडली. १९७९ मध्ये तिथे माळढोक या मोठ्या माळपक्ष्यासाठी अभयारण्य झालं आणि गवताळ माळ काही अंशी वाचले. माळढोक आता दिसणं दुर्मीळ, पण पहाटे काळविटांचा कळप रस्ता ओलांडतो तेव्हा सगळे आपोआप पाय टेकतात.

ही शांतता बारमाही नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालवे फिरले, ऊस आला आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आज याच जिल्ह्यात आहेत. दिवाळीनंतर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर त्याच पावणेचार मीटरवरून जातात, कडा तुटतात, रस्त्यावर पाचट आणि टिपरं सांडतात. अंधारात त्यांच्यामागे रिफ्लेक्टर असतोच असं नाही. हंगामात उजाडल्याशिवाय निघू नये, हे मी कळकळीने सांगतो.

बाकी इथल्या अडचणी जुन्याच. घाट नसला तरी वारा आहे आणि तोच इथला चढ. जून ते सप्टेंबर तो पश्चिमेकडून येतो, म्हणून जाणकार सकाळी मोहोळच्या दिशेने निघतात आणि येताना वारा पाठीवर घेतात. उलट केलं, म्हणजे उत्साहात अक्कलकोट गाठलं, की परतीचे चाळीस किलोमीटर दुप्पट लांब होतात. साइडपट्टीवर सराटे असतात. पायात रुतणारा तो काटा टायरलाही सोडत नाही. खिशात दोन ट्यूब, पाठीवर कडक भाकरी आणि शेंगा चटणी असावी. प्रवासात न विटणारा हा शिधा इथल्या वाटसरूंनी केव्हाच शोधून ठेवला आहे.

थोडं लांब जायचं तर दक्षिणेला हत्तरसंग कुडल आहे, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. संगमावर येणाऱ्या माणसांची वाट या सगळ्या मोजण्या, दुष्काळ आणि योजनांच्या किती आधीची असेल!

नान्नजच्या अलीकडचा तो चर नंतर मुरूम टाकून बुजवला, वर डांबर आलं नाही. पहिल्या पावसात मुरूम खचला. आता तिथे पोचलं की पुढचा हात वर करतो, मागचे ब्रेक दाबतात आणि एकेक जण हळूच ती जागा ओलांडतो. कडेला उघडी पडलेली खडी अजून दिसते.