घोडा आडवा, घोडा उभा: व्हॉल्टमधल्या मुलामुलींच्या फरकाची पार्श्वभूमी

व्हॉल्ट म्हणजे जिम्नॅस्टिक्समधली उडी: धावत यायचं, उसळी देणाऱ्या फळीवरून झेप घ्यायची आणि साधनावर हात टेकून पलीकडे उतरायचं. ‘मुलगे ताकदीने उडतात, मुली सफाईने’ हे मॅटजवळ नेहमी ऐकू येतं. या फरकाचा बराचसा भाग साधनानेच घडवला आहे. सोलापूरच्या शाळांत गट पाडताना हे लक्षात असायला हवं.

१८११ मध्ये बर्लिनजवळ फ्रीड्रिख यान यांनी मैदानी व्यायामशाळा काढली. तिथल्या साधनांत हात टेकून उडी मारायचा लाकडी घोडा होता. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा व्हॉल्ट आला. महिलांना वैयक्तिक व्हॉल्टसाठी १९५२ चं हेलसिंकी उजाडावं लागलं. पुढे कित्येक वर्षं पुरुष घोड्याच्या लांबीवरून उडत, तर महिलांचा घोडा आडवा असे. म्हणजे झेप वेगळी, हात टेकायची जागा वेगळी आणि शिकवणंही वेगळं. सिडनीत २००० साली महिलांच्या स्पर्धेत घोडा ५ सेंटिमीटर खाली बसवला गेला आणि एकामागून एक खेळाडू पडल्या. इतक्याशा फरकाने हाताचा अंदाज चुकतो! २००१ पासून घोड्याऐवजी दोघांना एकच रुंद टेबल आहे. उंची मात्र पुरुषांना १३५, महिलांना १२५ सेंटिमीटर.

दहा-अकरा वर्षांपर्यंत धावण्यात आणि उडीत मुलामुलींत फारसा फरक नसतो. नंतर वाढीची घडी बदलते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलग्यांची चौदाव्या. त्यामुळे सातवीतली मुलगी अनेकदा वर्गातल्या मुलग्यापेक्षा उंच असते, पण तिचं कालचं पाऊल आज फळीवर बरोबर पडत नाही. मुलग्यांत ताकद नंतर येते. तेव्हा वेग आणि हातांचा रेटा दोन्ही वाढतात.

हँडस्प्रिंग, म्हणजे हात टेकून उलटं होत पायांवर उतरायची उडी, बिघडतो तो बहुतेक वेळा टेबलाच्या आधीच. शेवटच्या दोन पावलांत मूल फळीकडे बघतं आणि वेग मोडतो. दोन्ही पाय चवड्यांवर, एकदम पडायला हवेत. हात टेकताना कोपर वाकलं किंवा खांदे खचले, तर रेटा मिळत नाही आणि पाठ कमानीसारखी वाकून मूल पाठीवर येतं. पायांत जोर असलेला मुलगाही इथेच फसतो. वाढीच्या वयात मनगटाजवळच्या हाडाचा वाढता भाग नाजूक असतो. तिथे दुखू लागलं की हात टेकायचा सराव थांबवावा. ‘सहन कर’ म्हणणं चूक आहे.

म्हणून इयत्तेपेक्षा उंचीच्या वाढीकडे बघून गट पाडावेत. रनअपची, म्हणजे धाव सुरू करायच्या जागेची, खडूची खूण दर महिन्याला नव्याने मोजावी: फळीपासून टेबलाकडे पाठ करून रनअपमध्ये पडतात तितकीच पावलं धावायला लावावं आणि शेवटचं पाऊल जिथे पडेल तिथे खूण करावी. सोलापुरात एप्रिल-मेची शिबिरं उन्हं चढायच्या आत आटोपावीत. घामेजलेला तळवा टेबलावरून घसरतो.